हिंदुरावांच्या पंचाहत्तरीचं हेलिकॉप्टर

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी करायची ही कल्पना माझीच होती. पुढे जे घडलं त्यात बिरदेवतात्यांचा, हवालदारांचा, रणजितरावांच्या माइकचा आणि सोनबाच्या उसाचा वाटा आहे, पण मूळ कल्पना माझी, हे आधीच कबूल करतो. सुप्रिया म्हणते, एवढं कबूल करायला मला तीन महिने लागले. ती माझी बायको आहे आणि हिंदुरावांची मुलगी. म्हणजे दोन्हीकडून तिचंच खरं.

मी बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. भिंगं पुसायची, लंबक टांगायचे, प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरांनी फोडलेल्या थर्मामीटरचा पारा कागदावर गोळा करायचा, असं माझं शास्त्रीय कार्य सत्तावीस वर्षं चालू आहे. राहायला जळोचीत. फावल्या वेळात मी गाड्या करतो. हातभर लांबीच्या, पण खऱ्यासारख्या. माझ्या एसटीचं मागचं दार खऱ्या एसटीइतकंच खडखडतं. उसाचा ट्रॅक्टर तर मी माळेगावच्या रस्त्याला उभं राहून, बघून बघून केला. मागं दोन ट्रॉल्या, त्यात बोटाएवढा ऊस, आणि चढाला लागला की पुढची चाकं जमिनीवरून अशी उचलतात की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा.

हा ट्रॅक्टर मी मोठ्या हौसेनं सासुरवाडीला नेला. इंदापूर तालुक्यात कालव्याच्या कडेला त्यांची वस्ती आहे. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ट्रॅक्टर पायरीवरून चढताना बघितला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

"झ्याक हाय. पोरं खेळतील."

त्या दिवसापासून 'खेळणं' हा शब्द माझ्या छातीत कुसळासारखा रुतून बसला. घरी येताना एसटीत मी सुप्रियाला सांगितलं, "आता हेलिकॉप्टर करतो. बघू, त्याला काय म्हणतात तुझे वडील."

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लोक मला विचारतात, एवढा खटाटोप कशाला, ड्रोन आणायचा की एखादा. ड्रोन म्हणजे उडती बाज हो! चार कोपऱ्यांना चार पंखे. चार पायांवर कोणीही उभं राहील. हेलिकॉप्टर एका पंख्यावर उभं राहतं. पंखा एका बाजूला फिरला की खालचं धड उलट्या बाजूला फिरू बघतं, त्याला आवरायला शेपटीत दुसरा छोटा पंखा लागतो. एक ओढतो, दुसरा सावरतो. संसार आहे तो. बाजारातून आणण्याची वस्तू नव्हे.

नऊ महिने लागले. पाती सागाची. दोन्ही पाती सारख्या वजनाची हवीत, नाहीतर अख्खं यंत्र हिवताप भरल्यासारखं थडथडतं. मी ती कॉलेजच्या तराजूवर तोलून, पॉलिशच्या कागदानं घासून घासून जुळवली. शेपटी जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळीची. पोटाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा, त्याला खालून झडप. रिमोटचं बटण दाबलं की झडप उघडणार आणि झेंडूच्या पाकळ्या पडणार.

पहिलं उड्डाण गच्चीवर केलं. शेपटीचा पंखा ऐनवेळी चिकटला आणि हेलिकॉप्टर जागच्या जागी भिंगरीसारखं फिरत शेजारच्या कौसल्याकाकूंच्या गच्चीवर गेलं. तिथं कुरडया वाळत होत्या. त्यांतल्या निम्म्या उडून खालच्या गल्लीत पडल्या. काकू संध्याकाळी फक्त साचा आणि चीक घेऊन आमच्या घरी आल्या आणि माझ्यासमोर ठेवला. मला कुरडई घालता येते, हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या खालच्या मजल्यावर बिरदेवतात्या राहतात. एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे चालणाऱ्या सर्व वस्तूंवर आपला अधिकार आहे असं ते मानतात.

"याला ब्रेक कुठाय?"

"तात्या, हवेत ब्रेक नसतो."

"मग थांबतं कसं? आणि हॉर्न?"

हॉर्न मी बसवला नाही, पण एक छोटा भोंगा बसवला. यंत्र लांब कुठं पडलं आणि रिमोटशी संपर्क तुटला की तो आपणहून 'टीं टीं' ओरडतो. तात्यांना तो आपलाच विजय वाटला. त्याच भरात त्यांनी दुसऱ्या दिवशी, मला न विचारता, हेलिकॉप्टरच्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. पंचेचाळीस ग्रॅमचं लिंबू! हेलिकॉप्टर उठलं, नाक खाली घातलं आणि नमस्कार केल्यासारखं थेट पाण्याच्या टाकीत शिरलं. मी ओलाचिंब होऊन ते बाहेर काढत असताना तात्या गंभीरपणे म्हणाले, "लिंबू जरा लहान आणायला पाहिजे होतं."

बाराव्या की तेराव्या खेपेला ते स्थिर राहिलं. कमरेच्या उंचीला, कुणी हातानं धरल्यासारखं. सुप्रिया धुणं वाळत घालत होती. तिनं पिळलेली चादर तशीच हातात धरून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आबांना दाखवा हे." ती वडिलांना आबा म्हणते.

तेव्हा पंचाहत्तरीचा बेत ठरला. आणि तेव्हाच मी ती चूक केली.

गेल्या वर्षी आमच्या भागात ड्रोन दिसल्याच्या अफवांनी लोक काठ्या घेऊन शिवारात हिंडत होते. म्हणून म्हटलं, रीतसर सासुरवाडीकडच्या पोलीस ठाण्यात कळवावं. अर्ज लिहिला : 'विषय : हिंदुराव यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हेलिकॉप्टरद्वारे पुष्पवृष्टी करणेस परवानगी मिळणेबाबत.' हवालदारांनी तो दोनदा वाचला, खुर्ची पुढं सरकवली.

"बसा साहेब. कोण येणारेत?"

"कोणी नाही. मीच."

"तुम्ही? आणि पायलट?"

"तोही मीच."

हवालदारांनी मला खालपासून वर न्याहाळलं. माझ्या हातात सुप्रियानं सांगितलेल्या मेथीच्या दोन जुड्या होत्या. मग मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांचा चेहरा खुलला. माणूस मनानं चांगला. म्हणाले, "अहो, मग 'खेळणं' लिहा की! कशाला परवानगी नि काय. विषयच संपला."

तिथं विषय संपवायला हवा होता. पण तो शब्द! मी ताठ उभा राहिलो. "हे खेळणं नाही. हेलिकॉप्टर आहे. हेलिकॉप्टर असंच लिहा."

"लिहितो की," हवालदार म्हणाले, आणि एक छापील फॉर्म काढला. "हेलिपॅडची जागा?"

"सासऱ्यांचं अंगण."

"अग्निशमन व्यवस्था?"

"बादली ठेवू."

"आसनक्षमता?"

"निरंक."

"बांधकाम खात्याचं जागेबद्दलचं पत्र लागेल. आणि मला जागेवर येऊन पाहणी करावी लागंल."

बांधकामच्या कार्यालयात मी चार वेळा गेलो. तिथले साहेब फोटो बघून हसत, चहा पाजत आणि म्हणत की आमच्याकडे अंगणाचं पत्र देण्याची तरतूद नाही. आणि 'तरतूद नाही' असं पत्र द्या म्हटलं तर म्हणत, तशीही तरतूद नाही. शेवटी हवालदारांनीच फॉर्मवर 'जागा पाहिली, सपाट आहे' असं लिहून मला मोकळं केलं. पण पाहणीसाठी ते वर्दीत, मोटारसायकलवरून वस्तीवर गेले आणि बांधावर भेटलेल्या पहिल्या माणसाला त्यांनी विचारलं, "हिंदुरावांच्या हितं हेलिकॉप्टर उतरणाराय, ते कुठं?"

तो पहिला माणूस म्हणजे शेजारचा सोनबा. सोनबाला सांगितलेली गोष्ट भवानीनगरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागतो, जेवढा सोनबाला लागतो.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "पावणं, हेलिकॉप्टरनं कोण येणार हाय?"

"मीच येतोय मामा."

"तुमी तर एस्टीनं येता."

"मामा, आत्ताच विचारू नका. गंमत आहे."

पलीकडून हळू आवाजात, "बरं बरं. फोनवर नाव घ्यायचं नसंल. समाजलं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, मामांनी किती समजूतदारपणे घेतलं.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी मी आणि सुप्रिया मित्राच्या गाडीनं निघालो. हेलिकॉप्टर मांडीवर, चादरीत गुंडाळलेलं. वस्तीच्या रस्त्याला लागलो तर रस्त्यावर पाणी मारलेलं. पुढं दोन्ही बाजूंना मोटारसायकली, पिकअप, ट्रॅक्टर. अंगणाच्या जागी लग्नाएवढा मंडप. शेजारच्या मोकळ्या रानात चुन्यानं मोठं वर्तुळ आखलेलं, मधे इंग्रजी एच. चार-पाचशे माणसं मान वर करून आभाळाकडं बघत होती.

"अहो," सुप्रिया म्हणाली, "तुम्ही आबांना नेमकं काय सांगितलंत?"

मी मामांना गाठायला धावलो. मामा नवं धोतर, केशरी फेटा बांधून स्टेजवर बसले होते. शेजारी सासूबाई, ठमाबाई, हिरव्यागार लुगड्यात. मामांच्या शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल, समोर बाटलीबंद पाणी. मोठ्या माणसाची खुर्ची लांबूनही ओळखू येते. मी कानाशी लागून म्हणालो, "मामा, एक सांगायचंय. हेलिकॉप्टरमधून कोणी येणार नाही."

"म्हंजी मोकळंच येणार?"

"मोकळंच. आणि ते... गाडीत आहे. चादरीत."

मामांनी माझ्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "एवढी माणसं आल्याती पावणं." बस, एवढंच. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

एवढ्यात सोसायटीचे चेअरमन रणजितराव, ज्यांच्या हातून माइक काढून घेणं आजवर कोणाला जमलेलं नाही, ते गरजले, "आणि आता आपल्या सर्वांच्या प्रतीक्षेचा क्षण! हिंदुरावांचे जावई इंद्रजितराव आपल्यासोबत हेलिकॉप्टर घेऊन आलेले आहेत!"

मी चादर सोडली. चुन्याच्या एवढ्या मोठ्या वर्तुळाच्या मधोमध माझं हेलिकॉप्टर ठेवलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू गवताला आग लागावी तसं मंडपभर पसरलं. "धुऊन आटलं का रं?" एकजण ओरडला. सोनबा म्हणाला, "आरं, हे तर अंडं हाय, मोठं व्हायचंय अजून."

पण रिमोट हातात आला की माणूस जरा सावरतो. पाती फिरली. आधी फट्फट्, मग एकसंध घुमणारा आवाज, धूळ चुन्यासकट बाजूला सरली आणि ते उठलं. गुडघाभर. कमरेएवढं. मंडपाच्या झालरीएवढं. आणि तिथं आभाळात टांगल्यासारखं थांबलं. हसणारे थांबले. मी ते हळूहळू स्टेजकडं नेलं. लोक उभे राहिले. ठमाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. "आगं बया, येतंय की हिकडंच!" मामांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेले. अजून दहा हात पुढं गेलं की बटण दाबायचं, झडप उघडणार, पाकळ्या मामांच्या फेट्यावर. नऊ महिने मी त्या एका क्षणासाठी कुरडया घातल्या होत्या.

आणि रणजितरावांना भरून आलं.

"अशा या हुन्नरी जावयाचा सत्कार," ते माइकवर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता, याच ठिकाणी झाला पाहिजे!"

सत्कार म्हणजे आमच्याकडं आपत्तीच असते, ती टाळता येत नाही. "थांबा, हात मोकळा नाही," एवढं मी म्हणेपर्यंत मागून माझ्या अंगावर शाल पडली. हात, रिमोट, सगळं शालीखाली. एकानं डोक्यावर टोपी घातली, ती थेट नाकापर्यंत आली. दुसऱ्यानं शालीखाली हात घालून माझ्या हातात नारळ कोंबला. फोटोवाला ओरडला, "सर, इकडं बघा!" मी टोपीखालून बघायचा प्रयत्न करत होतो आणि अंगठ्याखाली बटण आहे का नारळाची शेंडी, याचा अंदाज घेत होतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात हेलिकॉप्टरचा आवाज लांब, आणखी लांब गेला.

टोपी काढली तेव्हा ते मंडप ओलांडून, विहिरीवरून, बाभळीच्या शेंड्याला चाटून सोनबाच्या उसावर गेलेलं दिसलं. तिथं झडप उघडली, झेंडूच्या पाकळ्या भुरूभुरू उसावर पडल्या आणि मग हेलिकॉप्टर त्या हिरव्या समुद्रात बुडालं.

"माज्या उसावर पुष्पवृष्टी!" सोनबा हरखून म्हणाला. "औंदा टनेज वाढतंय बगा."

पण आत जायला कोणी तयार होईना. ऊस दोन पुरुष उंच, निम्मा लोळलेला, आणि त्याच आठवड्यात बिबट्याचे ठसे दिसल्याचं बोललं जात होतं. बरोबर त्याच वेळी उसातून आवाज आला : टीं टीं. टीं टीं. पुढं गेलेले चारजण मागं आले. "बिबट्या न्हवं," एकजण म्हणाला, "पर दुसरंच कायतरी हाय."

तोवर मोबाइलनं आपलं काम चोख केलं होतं. 'इंदापूर तालुक्यात उसाच्या शेतात हेलिकॉप्टर कोसळले, शोधकार्य सुरू' असा मजकूर कुणीतरी आमच्याच मंडपातून पाठवला होता. वीस मिनिटांत तो फिरून आमच्याच मंडपात आला आणि इथल्याच लोकांनी तो एकमेकांना दाखवून हळहळ व्यक्त केली. रुग्णवाहिका आली. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांनी वही काढली. "साहेब, आता वरून विचारणा झाली, मला लिहावंच लागंल. तुम्हीच म्हणाला होता, हेलिकॉप्टर लिहा. जखमी किती लिहू?"

मी शाल खांद्यावर, नारळ काखेत अशा अवस्थेत खाली बघत उभा होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून केशरी फेटा पुढं गेला. मामा. धोतराचा सोगा खोचत ते बांधावरून उतरले.

"आबा, कुठं निघालात?" सुप्रिया ओरडली.

"उसात. पंचाहत्तर वरसं उसातच गेली माजी." आणि वळून मला म्हणाले, "चला पावणं. का नारळ फोडायचा हाय आधी?"

आत गेल्यावर बाहेरचा सगळा गलका पानांच्या सळसळीत विरला. पातं गालावर चरचरत होतं. मामा पुढं, दोन्ही हातांनी ऊस बाजूला सारत, मी मागं. थोडं चालल्यावर मी म्हणालो, "मामा, तुमच्या दिवसाचा पार पचका केला मी."

"केलाच की," मामा म्हणाले. "म्या भेटल त्याला सांगत व्हतो, मोटा मानूस येणार हाय. आता वरीसभर हसत्याल." मग चार पावलं गेल्यावर, "ही टीं टीं कशाची?"

"हरवलं की ते आपणहून ओरडतं."

"शानं हाय की मग."

दोन सऱ्या ओलांडल्यावर ते दिसलं. लोळलेल्या उसाच्या आढीवर आडवं, एक पातं मोडलेलं, शेपटी वाकलेली, डब्यात दोन पाकळ्या अजून अडकलेल्या. मी भोंगा बंद केला. मामांनी ते नुकत्याच जन्मलेल्या करडासारखं दोन्ही हातांत उचललं.

"आरं, वजनच न्हाय ह्येला!" मग शाबूत राहिलेल्या पात्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा वरून, एकदा खालून. परत वरून. "ही वरनं फुगीर हाय. खालनं सपाट. मुद्दाम केलीया का?"

नऊ महिन्यांत कुणी हे विचारलं नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी नाही, तात्यांनी नाही, सुप्रियानंसुद्धा नाही. मी म्हणालो, "हो मामा. त्याच्यामुळंच तर ते उचललं जातं. हातानं घासलीय. अडीच महिने."

"दिसतंय की हातानं घासल्यालं." मामांनी वर आभाळाकडं बघितलं. "आकाशात टांगल्यागत हुबं ऱ्हायलं व्हतं. म्या बघितलं की. ती शाल घातली नसती तर माज्यापत्तुर आलं असतं का?"

"दहा हात राहिले होते."

"रणज्याला माइक द्यायलाच नगं व्हता," मामा म्हणाले. "दुसरी पाती हाय का?"

"गाडीत आहे."

"मग हितं काय करतुया आपुन?"

आम्ही बाहेर आलो तेव्हा गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. मामांनी हेलिकॉप्टर माझ्याकडं दिलं नाही. तसंच धरून ते मंडपात गेले, त्या पांढऱ्या टॉवेलच्या खुर्चीवर त्यांनी ते ठेवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. मला म्हणाले, "बसा. आना हत्यारं." ठमाबाई घाईनं आल्या. "आवं, पंगत खोळंबलीया. माणसं काय म्हणत्याल?"

"माणसास्नी वाढा म्हणावं. आमी हेलिकॉप्टर नीट करतुया."

लोक जेवत होते, वाढपी जिलबी घेऊन फिरत होते, रणजितराव माइकवर उपस्थितांचे आभार मानत होते, आणि आम्ही दोघं त्या खुर्चीपुढं बसलो होतो. मी मोडलेलं पातं काढत होतो. मामा नवं पातं हातात धरून, हे कुठल्या अंगाला बसतं, शेपटीचा पंखा का लागतो, डब्याची झडप कशी उघडते, एकेक विचारत होते. हवालदार पुरणपोळी खात आमच्या डोक्यावर उभे होते. त्यांनी वहीत लिहिलं होतं : 'हेलिकॉप्टर एक, सापडले. प्रवासी निरंक.'

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. पलीकडून माणूस एवढ्या जोरात बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. ते सुप्रियाचे बार्शीचे मामा होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. "पडलं की. सोनबाच्या उसात... न्हाय ओ, आत कोण न्हवतं... कुणाचं? कुणाचं म्हंजी, आमच्या जावयाचं. त्यानंच केलंय, हातानं. पाती सागाची हायती, वरनं फुगीर... त्येला? न्हाय, लागलं न्हाय कुठं. जरा लाजलाय, बाकी बरा हाय. आता ठिवा फोन. स्क्रू पिळायचा हाय, माजा हात गुतलाय."